बाळाची गोधडी पटकन संपवायचीय? आत काय घालायचं, कडा कशा करायच्या

वरचं तुकड्यांचं काम होतं हौसेनं, मग गोधडी अडते ती शेवटी. आत काय घालायचं ते आधी ठरवा. घाई असेल तर जुनी मऊ सुती साडी किंवा बेडशीटच बेस्ट, दोन-तीन थर घाला, कापड कापडाला धरून राहतं आणि सरकत नाही, शिवाय बाळाला गरमही होत नाही. आत भरायची पॉलिस्टरची फुगीर शीट हलकी असते, लवकर वाळते, पण मशीनखाली फुगते आणि सरकते, म्हणून ती घेतली तर सेफ्टी पिना जवळजवळ लावा, साधारण ४ इंचांवर. सुटा कापूस मात्र नकोच, धुतला की गोळे होतात. नवं सुती कापड असेल तर आधी धुवून घ्या, नाहीतर नंतर आटतं.

आता कडा. मला सगळ्यात आवडते ती पद्धत म्हणजे अस्तरच, म्हणजे गोधडीचं मागचं कापड, पुढे दुमडायचं. अस्तर चारही बाजूंनी १ इंच जास्त ठेवायचं, अर्धा इंच दुमडून कडेला आणायचं, परत एकदा दुमडून वर घ्यायचं आणि मशीनची एकच टीप मारायची, वेगळा गोट (कडेची पट्टी) कापा, जोडा, काही नाही. कोपऱ्यात आधी टोक आत दुमडा मग दोन्ही बाजू, तिथे घाई करू नका. रोज वापरून सारखी धुवायची असेल तर मात्र अडीच इंची पट्टी दुहेरी करून वेगळा गोट लावा, दुहेरी कापड जास्त टिकतं.