खोलीतला घुमारा कमी करणारी पॅनेलं घरी कशी बनवावीत

खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागे पत्र्यासारखी ‘टर्रर्र’ अशी शेपटी ऐकू आली, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. रियाज असो, पुस्तकवाचनाचं रेकॉर्डिंग असो की ऑनलाइन शिकवणी, या शेपटीने शब्द गढूळ होतात. महागडा माइक घेऊन हे सुटत नाही. चांगला माइक तीच शेपटी आणखी नीट टिपतो.

लाकडी चौकटीत तंतूंचा जाड स्लॅब बसवून वरून कापडाने मढवलेली ही पॅनेलं खोलीच्या आतला घुमारा कमी करतात. शेजारच्या कुकरची शिट्टी ती अडवणार नाहीत. त्यासाठी जड भिंती आणि बुजवलेल्या फटी लागतात. आणि अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. तो पातळ पुठ्ठा फक्त वरच्या पट्टीतला आवाज थोडाफार खातो, बोलण्यातला भरीव भाग तसाच घुमत राहतो. इंचभर जाडीच्या फोमचंही साधारण तेच.

घुमाऱ्याचा हिशेब मांडला अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेलं कळेना, तेव्हा त्यांनी सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या आणून मांडल्या आणि किती गाद्यांनी घुमारा किती घटतो ते मोजलं. आवाज विरायला किती सेकंद लागतात ते सांगणारं त्यांचं सूत्र आजही चालतं: खोलीचं घनफळ (घनमीटरमध्ये) गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण, म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या किती चौरस मीटर पृष्ठभागाइतकं काम खोली करते ते. १० बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. रिकामी असताना गिलावा आणि फरशी मिळून शोषण जेमतेम अडीच चौरस मीटर, म्हणून घुमारा सुमारे २ सेकंद. त्यात ६०० बाय १२०० मिलिमीटरची सहा पॅनेलं लावली की तो ०.८ सेकंदाच्या आसपास येतो. पलंग, पडदे, कपाट असेल तर आणखी कमी. म्हणजे सगळ्या भिंती मढवायची गरज नाही.

खर्च करण्याआधी दोन-तीन जाड गोधड्या दोरीवर टाकून भिंतीपासून वीतभर पुढे टांगा आणि पुन्हा टाळी वाजवा. फरक लगेच कळतो, आणि पॅनेल कुठे हवं तेही.

आता सामान. ५० मिलिमीटर जाडीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे रॉकवूलचे स्लॅब इन्सुलेशनच्या दुकानात मिळतात. हे दगड वितळवून केलेलं तंतूंचं साहित्य आहे, जळत नाही. म्हणून मी ते फोमपेक्षा केव्हाही पसंत करते. तंतू मात्र कातडीला खाजवतात. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, मास्क आणि चष्मा घालूनच हात लावा, आणि काम गच्चीत किंवा गॅलरीत करा. शिवाय १०० मिलिमीटर रुंद, २० मिलिमीटर जाड लाकडी पट्ट्या, थोड्या बारीक रिपा, स्क्रू, फेविकॉल, स्टेपल गन आणि कापड.

कापड निवडताना ते ओठांना लावून फुंका. पलीकडच्या तळहाताला फुंकर लागली तर आवाजही आत जाईल. मांजरपाट आणि सैल विणीची खादी उत्तम. रेक्झिन नको.

चौकट स्लॅबपेक्षा आतून पाच मिलिमीटर कमी ठेवा, म्हणजे स्लॅब घट्ट बसतो. त्यासाठी दोन पट्ट्या १२३५ मिलिमीटरच्या आणि दोन ५९५ च्या कापा. आखूड पट्ट्या लांब पट्ट्यांच्या मध्ये धरून फेविकॉल लावा, प्रत्येक कोपऱ्याला दोन स्क्रू. फेविकॉल ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले की चौकट काटकोनात आहे.

पुढच्या कडेपासून ५० मिलिमीटर आत दोन आडव्या रिपा ठोका आणि स्लॅब पुढून त्यांच्यावर टेकवा. मागे उरलेली ५० मिलिमीटरची पोकळी हीच या पॅनेलची खरी ताकद. भिंतीला अगदी खेटून हवेची हालचाल जवळजवळ नसते, थोडं पुढे ती वाढते, आणि तंतूंना शोषायला हालचाल लागते. त्यामुळे तेवढाच स्लॅब पोकळीसह अधिक खालचे स्वर पकडतो. कोकणातल्या घरात दुसराही फायदा: पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला स्लॅब टेकत नाही.

तंतू बाहेर येऊ नयेत म्हणून स्लॅबवर आधी पातळ नॉनवोव्हन कापड टाका. वरचं कापड ताणताना खाटेची नवार आठवा: प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक पिन, समोरासमोर ताण देत, आणि मग कोपऱ्यांकडे सरकत. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर चुणी पडतेच.

टांगायचं कुठे? स्पीकरवर ऐकत असाल तर नेहमीच्या जागी बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला, तिथे पॅनेल. आवाज रेकॉर्ड करत असाल तर पहिलं पॅनेल स्वतःच्या पाठीमागे लावा, कारण माइकचं तोंड तिकडे असतं आणि मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट त्यात शिरतो. दोन बाजूंना, आणि उरलेली दोन-तीन खोलीच्या कोपऱ्यांत तिरकी उभी करा. खर्जाचा घुमारा तिथेच साठतो. भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नसतील तर चौकटींना पाय लावून त्या जमिनीवर उभ्या करा.

सगळी पॅनेलं एकदम लावू नका. दोन लावा, एकच परिच्छेद त्याच जागेवरून वाचून रेकॉर्ड करा, मग पुढची दोन. गाणाऱ्यांनी थोडं आधीच थांबावं: खोली फार सुकी झाली की स्वतःचा आवाज परत येत नाही आणि नकळत गळ्यावर जोर पडतो. तानपुरा लावून षड्ज धरा. गाणं थांबवल्यावर स्वर क्षणभर खोलीत राहिला, तर उरलेलं पॅनेल पलंगाखाली ठेवून द्या.