खोडव्यातलं पाचट कुजवायचंय? एन्झाइमची बाटली नको, जिवंत बुरशी सोडा

संक्रांत उलटली की माळशिरस, पंढरपूर, माढा, मोहोळ पट्ट्यात ऊसतोडी जोरात असतात आणि सांज झाली की मोकळ्या फडांतून धूर दिसू लागतो. यंदा तरी पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याला, काडी लावू नका, ही कळकळीची विनंती. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. त्यात नत्र अर्धा टक्का धरलं तरी १५ ते २० किलो होतं, आणि पालाश त्याहून जास्त. पेटवल्यावर नत्र आणि सेंद्रिय कर्ब दोन्ही हवेत जातात. उजनीच्या पाण्यावर वर्षानुवर्षं ऊस घेणाऱ्या आपल्या जमिनींना सगळ्यात जास्त गरज कर्बाचीच आहे.

जाळण्यामागचं कारण बहुतेक जण एकच सांगतात: पाचट लवकर कुजत नाही. हे खरं आहे. पाचटाचा मोठा भाग सेल्युलोजचा, म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्यांचा असतो आणि त्यावर लिग्निनचं कडक आवरण असतं. ही साखळी तोडायला तीन प्रकारची एन्झाइम्स लागतात. एक साखळीला मध्येच काप देतं, दुसरं टोकाकडून ग्लुकोजच्या जोड्या सुट्या करतं आणि तिसरं त्या जोड्या फोडतं. तिसरं कमी पडलं तर जोड्या साठतात आणि आधीच्या दोघांचंही काम मंदावतं.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजायला लागले. त्या तंबूंवर सापडलेल्या बुरशीला पुढे एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नावावरून ट्रायकोडर्मा रीसी म्हणू लागले. आज तिच्या सुधारित वाणांपासून काढलेली एन्झाइम्स जीन्सला जुनाट रंग आणायला, सुती कापडावरची लव काढून ते मऊ करायला आणि धुण्याच्या पावडरीत वापरतात. पानिपतला २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प सुरू झाला, तिथेही पेंढ्याची साखर एन्झाइमनेच होते.

पण कारखान्यात पेंढ्यावर आधी प्रक्रिया करून आवरण सैल केलेलं असतं, तापमान ५० अंशांच्या आसपास धरलेलं असतं आणि सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) ५ च्या जवळ. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात सामू ८ च्या पुढे असतो. शिवाय एन्झाइम हे प्रथिन आहे. मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात, चिकणमाती ते धरून ठेवते. म्हणून नुसतं ‘एन्झाइमयुक्त’ लिहिलेल्या महागड्या बाटलीवर पैसे घालू नका. पाचटावर वाढत राहून रोज नवं एन्झाइम सोडणारी जिवंत बुरशी आणि जिवाणू सोडा. रोगनियंत्रणासाठी मिळणारं ट्रायकोडर्मा पाचट कुजवायला तितकंच चांगलं असेल असं नाही, म्हणून दुकानात पाचट कुजवणारं संवर्धनच (अशा जिवंत सूक्ष्मजीवांचं पाकीट) मागा. पाकिटावरची मुदत बघा आणि उन्हात ठेवलेला माल घेऊ नका.

तोडीनंतर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतून (बुंध्यांतून) फुटणारं पुढचं पीक म्हणजे खोडवा. तोड झाल्यावर या बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढून घ्या आणि बुडखे जमिनीलगत छाटा. पाचटाची यंत्राने कुट्टी करता आली तर फारच चांगलं, कारण जितके तुकडे तितकी बुरशीला शिरायला जागा. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या शिफारशीप्रमाणे एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो संवर्धन पाचटावर द्यायचं. संवर्धन कुजलेल्या शेणखतात मिसळून शिंपडलं की सगळीकडे सारखं पडतं. हा युरिया उसासाठी नाही, बुरशीसाठी आहे. तो चुकवला तर पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडं असल्याने सूक्ष्मजीव जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. नंतर बगला फोडून (वरंब्याच्या बाजू नांगरून) पाचट थोडं मातीआड करा आणि पाणी द्या.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. बुडख्यांवर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारत असाल तर फवारा बुडख्यांपुरताच ठेवा आणि संवर्धन काही दिवसांनी टाका, कारण या औषधाने ट्रायकोडर्माही मरतं. दुसरी गोष्ट ठिबकची. ठिबकचं पाणी बुडख्याशी पडतं, सरीतलं पाचट कोरडं राहतं आणि कोरड्या पाचटात बुरशी वाढत नाही. सोय असेल तर सुरुवातीला एक-दोन पाणी सरीतून सोडा. मार्चपासून ऊन तापतं, तोवर खालचा थर ओला राहायलाच हवा.

खोडव्याचं खत पाचटावर फेकू नका, पहारीने भोकं पाडून मुळाशी द्या. पहिला हप्ता तोडीनंतर १५ दिवसांत, दुसरा साधारण १३५ दिवसांनी सरीच्या दुसऱ्या बाजूने. तोड १५ फेब्रुवारीच्या पुढे गेली असेल तर खोडवा न ठेवलेलाच बरा.

अधूनमधून पाचटाचा थर उचलून बघा. खालच्या पानांवर पांढरे तंतू, कुठे हिरवट भुकटी, मातीचा वास आणि पीळ दिल्यावर तुटणारं पान दिसलं तर काम नीट चाललंय. घाण वास आला तर पाणी साचलंय, निचरा करा. खोडवा पिवळा दिसला तर कोणतं पान पिवळं आहे ते आधी बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी पडलंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो केवडा. तिथे युरिया वाढवून उपयोग नाही, लोह द्यावं लागतं.