जॅपनीज शिकताना मन उडालं तेव्हा काय कामी आलं

नवीन लोक विचारतात की अ‍ॅपवर रोज करूनही दोन-तीन महिन्यांनी कंटाळा का येतो, म्हणून माझा अनुभव लिहितेय. मी पुण्यात नोकरी सांभाळून एन५ची, म्हणजे जेएलपीटी या जॅपनीजच्या परीक्षेतल्या सगळ्यात सोप्या पातळीची तयारी करत होते. सुरुवातीला ड्युओलिंगो या भाषा शिकायच्या अ‍ॅपवर स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस धडा केला तो आकडा, वाढतेय याचाच आनंद, रात्री पावणेबाराला आठवलं तरी उठून एक धडा करायचा, तोही आधी झालेला सोप्पा, आकडा तुटू नये म्हणून. मग गावाला गेले, रेंज नव्हती, स्ट्रीक तुटली आणि पुढचे तीन आठवडे अ‍ॅप उघडलंच नाही. आकडा गेला तसं बसायचं कारणच गेलं.

परत सुरू केलं ते अंकीवर, म्हणजे फ्लॅशकार्डचं अ‍ॅप, शब्द विसरायच्या बेतात असतो तेव्हा परत समोर आणतं. तिथे रेडीमेड डेक, म्हणजे कार्डांचा तयार गठ्ठा घेतला, रोज २० नवीन कार्डं, सगळे अर्थ इंग्रजीत. त्यात 'काकेरु' हा शब्द काही केल्या डोक्यात बसेना, टांगणे, घालणे, कॉल करणे, लॉक करणे असे चार इंग्रजी अर्थ, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. एक दिवस पीएमटी बसमध्ये उभ्या उभ्या एकदम लक्षात आलं, अरे हे तर आपलं 'लावणे'! देन्वा ओ काकेरु म्हणजे फोन लावणे, मेगाने ओ काकेरु चष्मा लावणे, कागी ओ काकेरु कुलूप लावणे. इतकं भारी वाटलं ना! घरी येऊन कार्डामागचं सगळं इंग्रजी पुसलं आणि एकच शब्द लिहिला.

तेव्हापासून कार्डं स्वतःच बनवते, मराठीत, दिवसाला पाचच. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, आणि आपण 'ला' लावतो तसा त्यांचा 'नि' शब्दामागे, तोक्यो नि इकिमासु, टोकियोला जाते. इंग्रजीतून शिकताना हे दिसतच नाही.

परीक्षेचं थोडक्यात, जेएलपीटी आपल्याकडे जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, एन५ला १८० पैकी ८० लागतात पण लिसनिंगमध्ये ६० पैकी १९ हवेतच, त्यामुळे ऐकणं शेवटावर ठेवू नका. बोलण्याची परीक्षाच नाही, म्हणून ते हमखास राहून जातं. मी आणि क्लासमधली एक मैत्रीण रोज एकमेकींना अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट पाठवतो, आज काय खाल्लं, बस किती वाजता मिळाली एवढंच, आणि तिची नोट आली की उत्तराचं वाक्य मी जिना चढतानाच जुळवायला घेते.