सिगारेट सोडायला ध्यानाला बसताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक आधी घेऊ. तलफ आली की माणूस डोळे मिटून श्वास मोजायला लागतो आणि दर वीस सेकंदांनी आत डोकावतो: गेली का? दोन मिनिटांत उठतो, पेटवतो आणि जाहीर करतो, "आपल्याला काही ध्यान जमत नाही." अरे, ध्यान केलंस कधी? डोकेदुखीची गोळी घेऊन घड्याळाकडे बघत बसावं, तसं ते बसणं होतं. तलफ जावी ही घाईसुद्धा तृष्णाच.

प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे एकातून दुसरं कसं उपजतं हे सांगणारी बुद्धांची साखळी. तिच्यातला क्रम इथे कामाला येतो: स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान, म्हणजे घट्ट धरून ठेवणं. इथे वेदना म्हणजे दुखणं असं समजू नका. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली जाणीव, असा तिचा अर्थ. घशात आवळल्यासारखं होतं ती वेदना. "आता पेटवलीच पाहिजे" ही तृष्णा. हात खिशाकडे गेला की उपादान. काम करायचं ते वेदना आणि तृष्णा यांच्यामधल्या फटीत.

तलफ आली की पाकीट समोर ठेवा, डोळे उघडेच राहू द्या. शरीरात तलफ कुठे कुठे आहे त्या तीन जागा शोधा. बहुतेकांना घसा, जबडा, छाती किंवा बोटांत सापडते. मनातल्या मनात साधी नावं द्या: "आवळतंय", "तोंडाला पाणी", "चुळबुळ". दहापैकी किती जोर आहे तो आकडा ठरवा. दहा श्वास झाले की पुन्हा आकडा. तलफेची लाट साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते, पण सरळ उतरत नाही; सहावरून आठवर जाऊन मग खाली येते. आठवर असताना लोक हरतात, कारण त्यांना वाटतं ती चढतच राहणार. एकदा तरी शेवटपर्यंत बघा. अनिच्च, म्हणजे काहीच टिकत नाही, हा शब्द दहा वेळा ऐकून जे कळत नाही, ते त्या पाच मिनिटांत कळतं.

एवढं करूनही पेटवलीत, तर निदान नीट ओढा. हातात फोन नको, चहा नको, गप्पा नकोत. पहिल्या झुरक्याची चव, घशातली जळजळ, बोटांचा वास, सगळं बघा. "मी साक्षीभावाने ओढतो" म्हणत महिनोन्‌महिने रोजचं पाकीट संपवणारेही भेटतात. असं लक्ष देऊन ओढणं पहिल्या आठवड्यापुरतं, तेही सोडायची तारीख आधी ठरवून.

दुसरी लाडकी चूक: थेट दहा दिवसांचं शिबिर. किस्सा ठरलेला, फक्त माणूस बदलतो. रोज वीस ओढणारा गडी इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर जातो. पहाटे चारची घंटा, आर्य मौन (बोलणं नाही, खाणाखुणाही नाहीत), पहिले तीन दिवस आनापान (नुसता श्वास बघणं), चौथ्या दिवशी विपश्यना (अंगभरच्या संवेदना बघणं). निकोटिन सुटल्याचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. हा तो गुडघेदुखीच्या खाती टाकतो. दहाव्या दिवशी मौन सुटतं तेव्हा चेहरा उजळलेला, "सुटली कायमची!" अकराव्या दिवशी सकाळी स्टेशनबाहेरच्या टपरीवर कटिंग हातात येतो आणि दुसऱ्या हातात काय आलं हे त्याला तीन झुरक्यांनंतर कळतं.

यात शिबिराचा दोष नाही. तिथे टपरी नव्हती, फोन नव्हता, ऑफिसातला "चल रे खाली" म्हणणारा मित्र नव्हता. शरीर धम्मगिरीवर न ओढायला शिकलं, चहाच्या ग्लासासमोर शिकलंच नाही. तलफ जागेला, वेळेला, वस्तूला चिकटलेली असते. म्हणून शिबिराआधी किमान तीन आठवडे वर सांगितलेला सराव जिथे ओढता तिथेच करा: गॅलरीत, जेवणानंतर, गाडीची किल्ली हातात घेतल्यावर. अकराव्या दिवसाचा प्रवासही आधी ठरवा. सोबत पाण्याची बाटली, पहिला चहा घरी, टपरीकडे पाठ. राज्यात सुटी सिगारेट-बिडी विकायला २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवाल्याकडे हात पुढे केला की ती येतेच, त्या बंदीच्या भरवशावर राहू नका.

आता बाकीच्या चुका, थोडक्यात.

पहिल्याच दिवशी एक तासाचं अधिष्ठान, म्हणजे न हलता बसायचा निश्चय. करू नका. सकाळी पंधरा मिनिटं आनापान पुरे. खरा सराव दिवसभरातल्या दहा तलफांचा, तोच जवळपास पन्नास मिनिटं भरतो.

आनापानात श्वास ओढून घेणं. तो प्राणायाम झाला. येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा, नाकपुड्यांशी बघायचा.

"पंचशीलात तंबाखूचं नाव कुठे आहे?" हा वाद वंदना संपताच विहाराच्या पायऱ्यांवर पेटवणारे हमखास घालतात. तंबाखू भारतात आणली पोर्तुगीजांनी. त्याआधी दोन हजार वर्षं म्हटल्या जाणाऱ्या शीलात तिचं नाव येणार कसं? पाचव्या शीलातला 'पमादट्ठाना', म्हणजे बेसावध करणारं, हा शब्द पुरेसा आहे.

सिगारेट सोडून मिश्री, गुटखा किंवा चोरून आणलेली व्हेप. दुकान बदललं, गिऱ्हाईक तेच.

"मी ध्यान करतो, मला निकोटिनचा च्युइंगगम नको." हा अहंकार महागात पडतो. ध्यान इतर उपायांपेक्षा सरस ठरतं असा स्पष्ट पुरावा २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यालाही मिळाला नाही, म्हणून जोडीला औषध असू द्या. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर साधारण ४ मिलिग्रॅमचा निकोटिन गम लागतो, नाहीतर २ चा. डॉक्टरांना विचारून घ्या. तो कचाकचा चावायचा नाही, उचकी लागते. झिणझिण्या येईपर्यंत हळू चावून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा, असा अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी-लिंबूपाणी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. सरकारी मदतवाहिनी १८००-११-२३५६ फुकट आहे, फोन करायला लाजू नका.

एक ओढली गेली की "आता बुद्धपौर्णिमेपासून नव्याने" असा मुहूर्त काढणं. वेळ, जागा आणि हातात काय होतं एवढं लिहून ठेवा, उरलेलं पाकीट पाण्यात बुडवा, पुढची तलफ नेहमीसारखी बघा.

आणि चहा. धुरातल्या घटकांमुळे शरीर कॅफिन भराभर संपवतं. धूर बंद झाला की तेवढ्याच चहाचं कॅफिन रक्तात जवळजवळ दुप्पट साठतं, गम चालू असला तरी. मग छातीत धडधड, झोप नाही, आसनावर बूड टिकत नाही, आणि माणूस म्हणतो, ध्यानाने अस्वस्थता वाढली. सोडायच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा, दुपारी चारनंतरची पूर्ण बंद.