जपानी जुने कन्सोल : आधी वीज, मग चित्र, मग कार्ट्रिज

जपानमधून जुने व्हिडिओ गेम कन्सोल मागवणारे बरेच जण आधी यंत्र विकत घेतात आणि ते हाती पडल्यावर त्याला वीज कशी द्यायची व ते कोणत्या पडद्याला जोडायचे याचा विचार करू लागतात. हा क्रम उलटा हवा. अ‍ॅडॉप्टर आणि चित्राची केबल निश्चित झाल्याशिवाय कन्सोलसाठी पैसे मोजू नयेत. कार्ट्रिजचा, म्हणजे खेळ साठवलेल्या डबीचा, विचार तर त्याही नंतर करावा.

जपानमधील घरगुती वीजपुरवठा 100 व्होल्टचा असतो. त्यामुळे कन्सोलसोबत आलेला मूळ अ‍ॅडॉप्टर 220 ते 240 व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावू नये. व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर वापरता येतो, परंतु 100 ते 240 व्होल्टवर चालणारा नवा अ‍ॅडॉप्टर घेणे अधिक सोयीचे ठरते. तो निवडताना व्होल्टेजइतकेच लक्ष ध्रुवतेकडे, म्हणजे पिनचा कोणता भाग धन व कोणता ऋण याकडे, द्यावे. निन्टेंडो कंपनीचे फॅमिकॉम आणि त्यानंतरचे सुपर फॅमिकॉम या दोन्ही यंत्रांच्या मूळ अ‍ॅडॉप्टरमधून 10 व्होल्ट डीसी आणि 850 मिलिअँपिअर प्रवाह मिळतो आणि त्याच्या पिनचा मधला भाग ऋण असतो, तर हल्ली मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरमध्ये तो धन असतो. 1988 साली आलेल्या सेगा कंपनीच्या पहिल्या मेगा ड्राइव्हचा मधला भागही ऋणच आहे, पण त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ध्रुवता उलट केलेली आहे. म्हणजे नाव सारखे असले तरी अ‍ॅडॉप्टर सारखा असेलच असे नाही. अमेरिकेत विकल्या गेलेल्या एनईएसचा (फॅमिकॉमच्या तिथल्या आवृत्तीचा) अ‍ॅडॉप्टर फॅमिकॉमला कधीही लावू नये, कारण तो एसी प्रवाह देतो आणि त्याचे डीसीत रूपांतर करण्याची सोय फॅमिकॉममध्ये नाही. अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेली अँपिअरची क्षमता गरजेपेक्षा अधिक असली तरी चालते. कमी मात्र नको.

चित्राच्या बाबतीत सर्वांत अडचणीचे यंत्र म्हणजे 1983चे मूळ फॅमिकॉम. त्यातून केवळ आरएफ, म्हणजे टीव्हीच्या अँटेनाच्या मार्गाने जाणारा, सिग्नल बाहेर पडतो, तोही जपानी टीव्हीच्या 1 किंवा 2 क्रमांकाच्या चॅनेलवर. त्या क्रमांकांच्या फ्रिक्वेन्सी इतर देशांत वेगळ्या असल्यामुळे तिथला टीव्ही हा सिग्नल पकडेलच याची खात्री नसते. नवख्या संग्राहकाने 1993 अखेरीस आलेले एव्ही फॅमिकॉम घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ फॅमिकॉमच्या लाल-पांढऱ्या रूपाचा आणि दुसऱ्या कंट्रोलरमधील मायक्रोफोनचा मोह तेवढा आवरावा लागतो. एव्ही फॅमिकॉमला सुपर फॅमिकॉमचीच कंपोझिट केबल (चित्राचा सगळा सिग्नल एकाच तारेतून नेणारी) चालते. सुपर फॅमिकॉममधून मात्र एस-व्हिडिओ आणि आरजीबी हे अधिक स्पष्ट चित्राचे सिग्नलही मिळतात. आरजीबीकडे वळताना एक धोका ध्यानात ठेवावा: जपानी 21 पिनी जोडणी आणि युरोपीय स्कार्ट जोडणी दिसायला एकसारख्या असल्या तरी त्यांच्या पिनांची मांडणी वेगळी असते, आणि चुकीच्या जोडणीमुळे यंत्राचे किंवा पडद्याचे नुकसान होऊ शकते.

ही यंत्रे प्रामुख्याने 240पी, म्हणजे 240 ओळींचे, चित्र देतात. अनेक एलसीडी टीव्ही त्याला 480आय (ओळी आलटूनपालटून दाखवणारे 480 ओळींचे चित्र) समजून हाताळतात आणि त्यामुळे चित्र धूसर होते, कंट्रोलरचा प्रतिसादही मंदावतो. एनटीएससी (जपानी टीव्हीच्या पद्धतीचा) सिग्नल घेणारा सीआरटी, म्हणजे जुना काचेच्या नळीचा, टीव्ही मिळाला तर उत्तम, नाहीतर ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखे स्केलर (जुने चित्र नव्या टीव्हीसाठी बदलणारे उपकरण) वापरावे. लाइटगनचे, म्हणजे पडद्यावर बंदूक रोखून खेळायचे, जुने खेळ सीआरटीशिवाय चालतच नाहीत.

फॅमिकॉमच्या कार्ट्रिजला 60 पिना असतात आणि एनईएसच्या कार्ट्रिजला 72. अ‍ॅडॉप्टर (इथे पिना जुळवणारा) लावून जपानी खेळ एनईएसवर चालवता येतात, तरीही मी तो मार्ग सुचवणार नाही. फॅमिकॉममध्ये कन्सोलचा आवाज कार्ट्रिजमधून फिरून येतो, त्यामुळे कार्ट्रिजमधील चिप त्यात स्वतःचे सूर मिसळू शकते. कोनामीच्या 1989च्या ‘आकुमाजो देन्सेत्सु’मध्ये याच कामासाठी व्हीआरसी6 ही चिप होती, फेरफार न केलेल्या एनईएसवर तिचे सूर ऐकूच येत नाहीत. गेम बॉय या निन्टेंडोच्या हातातल्या कन्सोलला प्रदेशबंदी (एका देशाचा खेळ दुसऱ्या देशाच्या यंत्रावर न चालण्याची अडवणूक) नाही, त्यामुळे जपानी कार्ट्रिज इतर देशांतील गेम बॉयवरही चालते.

टोकियोतील आकिहाबारा आणि नाकानो ब्रॉडवे किंवा ओसाकातील देन देन टाउन येथे प्रत्यक्ष जाता आले तर वस्तू हाताळून घेता येते. दुरून घेताना प्रॉक्सी सेवेमार्फत (आपल्या वतीने खरेदी करणाऱ्या मध्यस्थामार्फत) जपानी लिलावांत बोली लावावी आणि सेवाशुल्क, टपालखर्च व सीमाशुल्क आधीच हिशेबात धरावे. विक्रेत्याने ‘जंक’ असे लिहिले असेल तर वस्तू चालण्याची हमी नाही आणि ती सहसा परत घेतली जात नाही. अशी वस्तू कधी उत्तम चालते, कधी अजिबात चालत नाही. दुरुस्ती येत नसेल तर तपासून चालू असल्याचे लिहिलेलीच वस्तू घ्यावी. डिस्कवरचे खेळ चालवणाऱ्या फॅमिकॉमच्या डिस्क सिस्टिम या जोडयंत्राबाबत तर अधिकच सावध राहावे, कारण तिच्यातील रबरी पट्टा कालांतराने विरघळतो किंवा तुटतो.

कार्ट्रिज आल्यावर तिचे संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. फुंकर मारण्याची जुनी सवय सोडावी, कारण श्वासातील ओलाव्याने धातू गंजतो. सुपर फॅमिकॉमची कार्ट्रिज उघडायला 3.8 मिलिमीटरचे खास पेचकस लागते. खेळाची प्रगती जपणारी बॅटरी सहसा सीआर2032 असते आणि ती बोर्डाला सोल्डर केलेली असल्यामुळे टॅब (सोल्डर करायच्या धातूच्या पट्ट्या) असलेलीच नवी बॅटरी घ्यावी. बॅटरी काढताच आधीची सर्व प्रगती पुसली जाते. फॅमिकॉमवर बॅटरी असलेला खेळ बंद करताना रीसेटचे बटण दाबून धरूनच वीज बंद करावी.

खेळ निवडताना भाषेचा विचार टाळता येत नाही. जपानी वाचता येत नसेल तर नेमबाजी, उड्या मारण्याचे आणि कोड्यांचे खेळ आधी घ्यावेत. मेनू आणि संवादांवर उभ्या असलेल्या रोलप्ले खेळांकडे वळायचे असेल तर काताकाना लिपी आधी शिकावी, कारण तेवढ्यानेही शस्त्रे, मंत्र आणि पात्रांची पुष्कळ नावे वाचता येऊ लागतात.