जावई ऑफिसला गेल्यावर दुबईत कसं फिरायचं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातल्या चार घरांची मुलं दुबईत आहेत. त्यामुळे दर हिवाळ्यात कुणाचे तरी आईबाबा निघतात आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे चहाला येतात. प्रश्न एकच असतो. मुलगी-जावई सकाळी आठला बाहेर पडणार ते संध्याकाळी सातला उगवणार, मग मधल्या वेळात घरात बसून करायचं काय? मी रेल्वेत एकतीस वर्षं तिकीट तपासनीस होतो, म्हणून प्रवासाचं मलाच विचारायचं असा वाड्याचा समज. आता एकदाच लिहून ठेवतो.

आधी आमची फजिती. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं शेख झायेद रोडवर उभे होतो. जायचं होतं समोरच्या इमारतीत. नकाशात अंतर दोनशे मीटर. मधल्या रस्त्यावर जाणारे-येणारे मिळून बारा-चौदा पदर, आणि गाड्या सुसाट. आपल्याकडे राजमहाल रोड हात दाखवत ओलांडतो तसं तिथे करायचं नाही. भलतीकडून रस्ता ओलांडला तर निदान ४०० दिरहम दंड आहे, आणि जीव गेला तर तो वेगळाच. आम्ही ‘पुढे कुठेतरी सिग्नल असेल’ म्हणत चालत राहिलो. झाड नाही, ओटा नाही, टपरी नाही. अर्ध्या तासानं हिला गरगरायला लागलं. शेवटी एका सुरक्षारक्षकानं मागं बोट दाखवलं. ज्या मेट्रो स्टेशनावरून आम्ही पुढे आलो होतो, त्याचाच पूल रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उतरतो. थंडगार, बंदिस्त, सरकत्या पट्ट्यांचा. त्यावरून जायला तिकीटही लागत नाही, कारण तिकिटाची फाटकं आत आहेत.

तेव्हापासून मी तिथलं अंतर उन्हातल्या मिनिटांत मोजतो. स्टेशनातून बाहेर पडल्यापासून दारात शिरेपर्यंत किती मिनिटं ऊन लागणार? सातच्या वर जात असेल तर बस बघायची, पंधराच्या वर असेल तर टॅक्सी. हे एक गणित जमलं की बाकी शहर सोपं आहे.

बडोद्याच्या माणसाला उन्हाचं कौतुक कशाला सांगता, असं काही जण म्हणतात. मे महिन्यात त्रेचाळीस डिग्रीत मंगळ बाजारात घासाघीस करणारे आपण. पण आपलं ऊन कोरडं, आणि दर शंभर पावलांवर सावली नाहीतर उसाचा रस. दुबई वाळवंटातली असली तरी समुद्राला लागून आहे. उन्हाळ्यात हवा इतकी दमट, की घाम वाळतच नाही आणि अंग थंडच होत नाही. तिथल्या सरकारनंच १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन मजुरांना उघड्यावर कामाला लावायला बंदी केली आहे. मग आपण कोण लागून गेलो? नोव्हेंबर ते मार्च जा. इतर महिन्यांत गेलात तर दुपारी मॉल, नाहीतर घर.

आता कार्ड. नोल नावाचं कार्ड स्टेशनावर मिळतं. चंदेरी रंगाचं मागा. २५ दिरहमला मिळतं आणि त्यातले १९ दिरहम प्रवासालाच वापरता येतात. मेट्रो, बस, ट्राम सगळीकडे तेच. बसमध्ये ड्रायव्हर रोख पैसे घेत नाही, तेव्हा कार्ड नसेल तर खाली उतरा. दोघांना दोन कार्डं लागतात. एकच कार्ड आधी मी टेकवतो, मग तू टेकव, असं चालत नाही. भाडं झोनप्रमाणे आहे : चंदेरी कार्डावर एका झोनमध्ये ३, शेजारच्या झोनपर्यंत ५, त्याहून लांब साडेसात दिरहम. मेट्रोतून उतरून अर्ध्या तासात बस धरली तर तो एकच प्रवास धरतात. म्हणजे स्टेशनाच्या दारातून बस मिळत असताना उन्हात चालणं हा पैशाच्या हिशोबानंही वेडेपणा.

चढताना जसं टेकवायचं तसं उतरतानाही टेकवायचं. मेट्रोत फाटक अडवतं म्हणून आठवण राहते, बसमध्ये माणूस हमखास विसरतो आणि मग जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. माझं दोनदा कापलं. आयुष्यभर लोकांना पावत्या फाडून दिल्या, त्यातल्या कुणाचा तरी तळतळाट, असं हिचं मत.

मेट्रोच्या लायनी दोनच, लाल आणि हिरवी. युनियन आणि बुरजुमान या दोन स्टेशनांवर त्या एकमेकींना भेटतात. तेवढी दोन नावं पाठ केलीत तर हरवणार नाही. फक्त लाल लायनीला जेबेल अलीपासून दोन फाटे फुटतात, तेव्हा त्या बाजूला जाताना गाडीवरचं शेवटच्या स्टेशनाचं नाव वाचूनच चढा. २००९ सालच्या सप्टेंबरात सुरू झाल्यापासून गाडीला ड्रायव्हरच नाही. रेल्वेवाल्याला हे पचायला दोन दिवस लागतात.

डबे मात्र नीट बघा. एक गोल्ड क्लास, त्याचं भाडं दुप्पट. एक भाग बायका-मुलांचा, त्याची गुलाबी खूण फलाटावरच असते. मी हिच्या मागोमाग त्यातच शिरलो. एका मल्याळी मुलीनं हळूच खालच्या रेघेकडे बोट केलं. पुरुष तिथे सापडला तर १०० दिरहम दंड, म्हणजे मी गेलो तेव्हाच्या भावानं तेवीसशे रुपये. पुढच्या स्टेशनावर तपासनीस चढला तेव्हा मी शेजारच्या डब्यात दांडा धरून साळसूद उभा होतो. त्यानं हातातल्या यंत्रावर माझं कार्ड तपासलं. मला उगाच बरं वाटलं. काम नीट करत होता.

खाण्यापिण्यालाही तेवढाच दंड, आणि त्यात पाणीसुद्धा आलं. पाणी फाटकाच्या आधी पिऊन घ्या. हिनं सवयीनं बडीशेपेची डबी काढली, ती मी झडप घालून मिटली.

स्टेशनांची नावं कंपन्यांना विकतात, त्यामुळे ती बदलतात. पाच-सात वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मंडळींनी सांगितलेलं ‘अल फहिदी’ आता ‘शराफ डीजी’ आहे आणि ‘रशिदिया’ झालंय ‘सेंटरपॉइंट’. जुन्या माणसाचा सल्ला घ्या, स्टेशनाचं नाव मात्र नव्या नकाशातून. रविवारी गाड्या सकाळी आठला सुरू होतात, इतर दिवशी पाचला. शटरसमोर पाऊण तास बसल्यावर आम्हाला हे समजलं.

बुर्ज खलिफा बघायला सगळेच जातात. ‘बुर्ज खलिफा-दुबई मॉल’ नावाच्या स्टेशनावर उतरलात की मॉल आला असं समजू नका, मधला बंदिस्त पूल पाऊण किलोमीटरच्या वर आहे. ऊन लागत नाही, पण गुडघे बोलायला लागतात. आणि आत गारठा! वाळवंटात जायचं म्हणून ही सुती साड्या घेऊन गेली आणि मॉलभर माझा रुमाल खांद्यावर घेऊन फिरली. पातळशी शाल पिशवीत हवीच.

माझं विचाराल तर मॉल एकदा बघा आणि खाडीवर तीनदा जा. हिरव्या लायनीनं अल घुबैबाला उतरायचं, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. कापडबाजाराचं छप्पर लाकडी, खाली गार सावली, दुकानदार आपल्याशी थेट गुजरातीत बोलतात. आपण बडोद्याचे म्हटल्यावर माझ्याकडे बघून ‘पण मराठी ना?’ असंही एकानं ओळखलं. तिथून पलीकडच्या देराला जायला अब्रा, म्हणजे उघडी लाकडी होडी. भाडं १ दिरहम, रोख, नावाड्याच्या हातात, म्हणून सुटी नाणी खिशात ठेवा. मधल्या फळीवर पाठीला पाठ लावून बसायचं. कठडा नाही, तेव्हा चढताना नावाडी हात देतो तो घ्या, संकोच करू नका. पाच-सात मिनिटांत पलीकडे उतरलात की मसाल्यांचा बाजार, आणि त्याच्या पुढे सोन्याचा. परतीला होडी नको असेल तर जवळच अल रास स्टेशन आहे आणि तिथून मेट्रो खाडीच्या खालून अलीकडे येते. एकाच संध्याकाळी खाडी वरून आणि खालून.

टॅक्सी मीटरवर चालते, घासाघीस नाही. विमानतळावरून धरलीत तर मीटर २५ दिरहमनंच सुरू होतं. मेट्रो स्टेशन टर्मिनल १ आणि ३ ला आहे, २ ला नाही. गुलाबी टपाच्या टॅक्सीची ड्रायव्हर बाई असते आणि ती बायका किंवा कुटुंब घेते. बरेच ड्रायव्हर हिंदी-उर्दू बोलतात. पत्ता सांगताना घोळ होतोच, त्यावर एक इलाज आहे. प्रत्येक इमारतीच्या दाराशी पाटीवर दहा आकडी ‘मकानी’ नंबर असतो. मुलीच्या घराचा तेवढा कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोनची बॅटरी गेली तरी घरी पोहोचाल.

एक गोष्ट फिरण्याची नाही, पण तिच्यावाचून फिरणं सुरूच होणार नाही : खसखस नेऊ नका. तिकडे बंदी आहे. अनारसे, खसखशीचा मसाला, सगळं बडोद्यातच ठेवा आणि लेकीसाठी चकली-शेव-चिवडा न्या.

आमची दोन्ही चंदेरी कार्डं अजून चालू आहेत. पाच वर्षं चालतात आणि त्यांच्यावर नाव नसतं. सध्या तळमजल्यावरच्या वहिनी घेऊन गेल्यात. त्या फेब्रुवारीत येतील, मग ज्यांना हवी त्यांनी आधी सांगून ठेवा. आत थोडे दिरहम आहेत, तेवढे परत भरून आणा.