स्नायूंची ताकद तपासताना या चुका टाळा

गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झालेत, फाइलमध्ये क्वाड्रिसेप्स ५/५, म्हणजे पूर्ण ताकद, असं लिहिलंय आणि पेशंट मात्र जिना उतरताना कठडा सोडत नाही. अशा वेळी पेशंटला ‘घाबरू नका’ म्हणण्याआधी आपल्या तपासणीवर शंका घ्यावी. मांडीचा हा स्नायू इतका दांडगा असतो, की त्याची बरीच ताकद गेली तरी तपासणाऱ्याच्या हाताला तो हार जात नाही. हाताने जोर लावून स्नायूला ० ते ५ ग्रेड देण्याची ही पट्टी रुजली ती पोलिओ आणि दुसऱ्या महायुद्धातल्या नसांच्या जखमा तपासताना. स्नायू नुसता फुरफुरतो की हालचाल करतो, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पाय पूर्ण उचलला जातो (ग्रेड ३) की नाही, हे ठरवायला ती आजही उत्तम आहे. ग्रेड ३ च्या वर मात्र ती बोथट होते. ग्रेड ४ मध्ये काठी घेऊन चालणारा बसतो आणि मैदानावर परतायला निघालेला खेळाडूही बसतो.

दुसराच स्नायू काम करतो

कुशीवर झोपवून वरचा पाय बाजूला उचलायला सांगितला, की ग्लुटिअस मीडिअस (पाय बाजूला नेणारा नितंबाचा स्नायू) कमजोर असलेला पेशंट नकळत कंबर मागे कलंडवतो, मांडी थोडी पुढे घेतो आणि टेन्सर फॅशिया लाटा या खुब्याच्या पुढच्या बाजूच्या स्नायूच्या जोरावर पाय उचलून दाखवतो. पाय वर गेला म्हणून आपण ४ लिहितो. खरं तर खालचा गुडघा वाकवून घ्यावा, आपला एक हात कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर घट्ट ठेवावा, मांडी धडाच्या रेषेपेक्षा किंचित मागे आणि पायाची बोटं समोर ठेवून मगच उचलायला सांगावं. बोटं छताकडे वळू लागली की ती चाचणी बाद. अशी पुन्हा तपासणी केली की ४ चे ३ होताना अनेकदा दिसतात.

पोटरी हाताने ढकलून तपासूच नये. उभं राहून एका पायाची टाच उचलायला लावावी, तोल सांभाळण्यापुरती दोन बोटं भिंतीला टेकवू द्यावीत. गुडघा सरळ हवा. सलग २५ वेळा पूर्ण उंचीपर्यंत जमलं तर ग्रेड ५ देण्याची पद्धत आहे. गुडघा वाकू लागला, अंग भिंतीकडे झुकलं किंवा टाचेची उंची कमी झाली, की तिथेच मोजणी थांबवायची.

डायनॅमोमीटरचा आकडाही फसवतो

हातात धरून पेशंटच्या पायाला पॅड टेकवायचं, जोर मोजणारं डायनॅमोमीटर घेतलं की प्रश्न सुटला असं वाटतं. पण ते फक्त बल मोजतं. सांध्यावर किती टॉर्क (फिरवणारा जोर) आला हे पॅड सांध्यापासून किती लांब आहे यावर ठरतं. समजा, पॅड गुडघ्याच्या सांध्यापासून ३२ सेंटिमीटरवर आहे आणि आकडा २५ किलो आला. २५ × ९.८१ × ०.३२ म्हणजे सुमारे ७८ न्यूटन-मीटर. पुढच्या वेळी पॅड चार सेंटिमीटर वर सरकलं, तर तेवढ्याच टॉर्कला आकडा साडेअठ्ठावीस किलो येईल. ताकद होती तिथेच आहे आणि आपण मात्र साडेतीन किलोंची सुधारणा लिहून मोकळे! त्यामुळे पॅडची जागा गुडघ्याच्या सांध्यापासून टेपने मोजून लिहून ठेवावी.

क्वाड्रिसेप्ससाठी यंत्र नुसतं हाताने धरू नये. पेशंटचा जोर आपल्याहून जास्त असेल, तर जो आकडा येतो तो आपल्या हाताचा. टेबलाच्या पायाला पट्टा बांधून त्यात यंत्र अडकवावं. पेशंटने हळूहळू जोर वाढवत तीन ते पाच सेकंद ढकलायचं, आपण फक्त थोपवायचं. आपण उलट रेटून त्याचा पाय वाकवला तर आकडा जास्त येतो, त्यामुळे या दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. एक सराव, मग तीन प्रयत्न आणि मधे किमान ३० सेकंद विश्रांती.

दुसऱ्या पायाशी टक्केवारी काढताना एक ध्यानात असू द्या: महिनोन् महिने चालणं कमी झालं की चांगला पायही खंगतो. ९० टक्के दिसलं तरी दोन्ही पाय अशक्त असू शकतात. वजनाच्या किलोमागे किती न्यूटन-मीटर, हेही लिहा.

ताकद म्हणजे पॉवर नव्हे

पॉवर म्हणजे बल गुणिले वेग. ठेच लागल्यावर तोल सावरायला लागते ती हीच, आणि वयानुसार ती ताकदीपेक्षा लवकर ओसरते. महागडं यंत्र नसलं तरी चालेल. ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा (प्लॅस्टिकची घसरते), हात छातीवर बांधून शक्य तितक्या वेगाने पाच वेळा उठबस करायला सांगा. ६० किलो वजन, १५५ सेंटिमीटर उंची आणि १२ सेकंद वेळ धरली, तर प्रचलित सूत्राने सुमारे १५२ वॉट येतात. तीच व्यक्ती ९ सेकंदांत उठली तर २०३. ‘सावकाश, नीट उठा’ असं आपणच म्हणालो, तर ही चाचणी वाया गेली. खुर्ची बदलली तरी आधीचा आकडा तुलनेला चालत नाही.

इथे जोर लावू नका

नुकताच शिवलेला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) आणि न जुळलेलं हाड यांवर कमाल जोराची चाचणी नकोच. रक्तदाब असलेल्यांना श्वास रोखू देऊ नका, मोठ्याने आकडे मोजायला लावा. पक्षाघातानंतर स्नायू ताठर असेल तर ० ते ५ चा ग्रेड फसवा ठरतो. तपासताना दुखलं तर आकड्याशेजारी वेदना दहापैकी किती ते लिहा, कारण दुखरा सांधा स्नायूला पूर्ण जोर लावूच देत नाही.

नोंद अशी असावी: ‘उजवा क्वाड्रिसेप्स, बसून, गुडघा ९० अंश, पट्ट्यासह, पॅड सांध्यापासून ३२ सेंमी, तीन प्रयत्न २४, २५, २५ किलो, वेदना २/१०.’ पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणी तपासलं तरी यावरून तीच चाचणी जशीच्या तशी करता येते.